बारीक अंगातला दाह



जलंब ते खामगाव हा जेमतेम तेरा किलोमीटरांचा रेल्वेचा फाटा १८७० साली खुला झाला. त्यासाठी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो वऱ्हाडात आले होते. प्रवाशांची सोय हा त्यामागचा मुख्य हेतू नव्हता. इथल्या बाजारातली रुई मुंबईच्या बंदरापर्यंत न्यायची होती. तेव्हापासून जिनिंग-प्रेसिंग आणि खामगाव ही नावं एका दमात घेतली जातात. या धंद्यातल्या माणसांना एका आगीचं विशेष भय असतं. कापसात खडा किंवा लोखंडाचा तुकडा राहून जातो, सरकी वेगळी करणाऱ्या रेच्यात घासून ठिणगी उडते आणि चिमूटभर पेटलेली रुई दाबली जाऊन गाठीच्या पोटात जाते. आत हवा कमी, म्हणून ज्वाळा उठत नाही. गाठ बाहेरून पांढरीशुभ्र असते. तिचं वजन होतं, ती थप्पीला लागते, ट्रकमध्ये चढते आणि आतली धग मात्र दिवसेंदिवस इंचाइंचाने सरकत राहते.

माणसाच्या शरीरातही असा एक दाह असतो. त्यात ताप येत नाही, सूज दिसत नाही, काही दुखत नाही. वैद्यकात त्याला दीर्घकालीन मंद दाह म्हणतात. मधुमेह, हृदयविकार, पक्षाघात, यकृतावर चढणारी चरबी अशा अनेक आजारांच्या मुळाशी त्याचा हात असल्याचं गेल्या तीस-पस्तीस वर्षांत पुढे आलं आहे. स्मृतिव्याख्यान म्हटलं की श्रोत्यांना थोर तत्त्वांची अपेक्षा असते. आजचा विषय मात्र पोटाचा घेर, हिरड्या, खर्रा, कढईतलं तेल आणि रात्रीची झोप असा घरगुती आहे.

या सगळ्यातून एकच गोष्ट सांगायची आहे. आपल्याकडे तब्येत डोळ्यांनी जोखतात. 'अंगाने बारीक आहे, काटक आहे, त्याला काय होतंय?' हे वाक्य वऱ्हाडातल्या प्रत्येक ओट्यावर ऐकू येतं. मंद दाहाचा अभ्यास या वाक्याच्या विरोधात साक्ष देतो, आणि त्यातला मोठा पुरावा महाराष्ट्रातूनच आलेला आहे.

दाह म्हणजे काय

दाह हा मुळात शत्रू नव्हे. पायात बाभळीचा काटा मोडला की ती जागा लाल होते, सुजते, कढत लागते, ठणकते. सेल्सस या रोमन लेखकाने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी याच चार खुणा लिहून ठेवल्या. रक्तवाहिन्या सैल होतात, पांढऱ्या पेशी तिकडे धावतात, जंतू मारले जातात, मेलेल्या पेशी उचलल्या जातात आणि काही दिवसांत काम आवरतं. दाह सुरू करणारी रसायनं शरीरात असतात तशी तो थांबवणारीही असतात.

मंद दाहात हे आवरणंच राहून जातं. मारायला जंतू नसतो, भरून काढायला जखम नसते, तरी 'धावा, काहीतरी बिघडलंय' असे रासायनिक निरोप रक्तातून फिरत राहतात. ते फार जोरात नसतात, पण वर्षानुवर्षं थांबत नाहीत.

हे निरोप मोजायची सोय एका जुन्या शोधातून झाली. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात एक वेगळा पदार्थ आढळला. तेच सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे सीआरपी. कोविडच्या लाटांमध्ये ही तीन अक्षरं घरोघरी पोचली. ते यकृतात तयार होतं, मोठ्या जंतुसंसर्गात शेकडो पटींनी वाढतं आणि माणूस बरा झाला की खाली येतं. पुढे अतिसूक्ष्म पातळी मोजणाऱ्या चाचण्या आल्या आणि निरोगी दिसणाऱ्या माणसांतही फरक असल्याचं दिसू लागलं. १९९७ साली बोस्टनच्या पॉल रिडकर यांनी निरोगी अमेरिकी डॉक्टरांचे गोठवून ठेवलेले रक्ताचे नमुने तपासले. सीआरपी सर्वांत जास्त असलेल्या चौथ्या हिश्शातल्या पुरुषांना पुढच्या वर्षांत हृदयविकाराचा झटका येण्याची शक्यता, सर्वांत कमी असलेल्यांच्या जवळपास तिप्पट निघाली.

२००३ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी याच्या पायऱ्या ठरवल्या. लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या खाली धोका कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. आकडा १० च्या वर गेला तर आधी सर्दी-पडसं, दाताचा गळू, असा काही तात्पुरता संसर्ग आहे का ते पाहायचं आणि दोनेक आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. सीआरपी स्वतः झटका आणत नाही, हेही पुढे जनुकांच्या अभ्यासातून स्पष्ट झालं. आत काही चाललं आहे एवढं ते कळवतं. काय चाललं आहे, ते दुसरीकडे शोधावं लागतं.

दोन डॉक्टर, एक आकडा

तो शोध आधी पोचला चरबीपाशी. चरबी म्हणजे उरलेल्या अन्नाची कोठी, अशी जुनी समजूत होती. १९९३ साली हार्वर्डमध्ये गोखान होतामिसलिगिल आणि ब्रूस स्पीगलमन यांनी लठ्ठ उंदरांच्या चरबीतून टीएनएफ नावाचं दाहकारक रसायन बाहेर पडताना पाहिलं. हे रसायन इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतं. दहा वर्षांनी, २००३ मध्ये, आणखी एक गोष्ट दिसली. फुगलेल्या चरबीपेशींच्या भोवती मॅक्रोफेज या भक्षक पेशी जमतात. गळवाभोवती जमणाऱ्या पेशी पोटाच्या चरबीत मुक्काम ठोकतात आणि तिथून टीएनएफ, आयएल-६ असे पदार्थ रक्तात सोडतात. यकृताला आयएल-६ पोचलं की ते सीआरपी बनवतं. पोटाच्या आतली, आतड्यांभोवतीची चरबी या बाबतीत मांड्या-नितंबांवरच्या चरबीपेक्षा जास्त त्रासदायक ठरते.

मग बारीक माणसाचं काय? या प्रश्नाचं उत्तर पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या मधुमेह विभागाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी स्वतःच्या शरीरावरून दिलं. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये एक छोटा लेख आला. त्यात दोन डॉक्टर शेजारी-शेजारी उभे असलेला फोटो होता. एक याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. उंचीच्या प्रमाणात वजन सांगणारा बीएमआय दोघांचाही नेमका २२.३. दोघेही कागदोपत्री सडपातळ. पण शरीरातल्या चरबीचं प्रमाण मोजलं तेव्हा युडकिन यांचं ९.१ टक्के भरलं आणि याज्ञिक यांचं २१.२ टक्के. वजनाचा काटा दोघांना एकाच रांगेत उभं करत होता. स्नायू कमी आणि चरबी जास्त, ही आपल्याकडच्या शरीराची घडण त्या काट्यावर दिसत नव्हती.

ही घडण येते कुठून? पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या गर्भवतींच्या अभ्यासात तिचा माग लागला. तिथल्या नवजात बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पुण्याकडची बाळं हाडापेराने, स्नायूंनी, पोटातल्या अवयवांनी लहान होती. पाठीवरची, खांद्याच्या फऱ्याखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. म्हणजे बाळ जन्मतःच हडकुळं असूनही चरबीच्या बाबतीत मागे नव्हतं. याच अभ्यासात आणखी एक नोंद आहे. ज्या आया पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा खात होत्या त्यांची बाळं मोठी होती. सवयींचा विषय पन्नाशीतल्या माणसाच्या ताटापासून सुरू करायची रीत आहे. पुण्याचा पुरावा तो एक पिढी मागे, शेतात राबणाऱ्या पोटुशी बाईच्या भाकरीपाशी नेऊन ठेवतो.

दाहाची पुढची नोंदही पुण्याचीच. युडकिन, याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली 'डायबेटिस केअर'मध्ये कळवलं की दाहकारक रसायनांची पातळी शहरी भारतीयांत चढलेली आहे, खेड्यातल्यांत नाही. २००८ साली याच वाटेवरचा मोठा अभ्यास आला. खेड्यातले, पुण्याच्या झोपडपट्टीतले आणि मध्यमवर्गीय वस्तीतले, असे ३० ते ५० वयाचे पुरुष त्यात होते. चरबी, दाह आणि साखर या तिघांची सांगड त्यात तपासली गेली. शहरात आलेला माणूस अजून लठ्ठ दिसत नाही, पण त्याच्या रक्तात फरक पडलेला असतो.

भारतीयांसाठी म्हणूनच मापं वेगळी आहेत. बीएमआय २३ झाला की वजन जास्त समजायचं. कंबर पुरुषाची ९० सेंटीमीटरच्या आणि बाईची ८० सेंटीमीटरच्या वर गेली की सावध व्हायचं. शर्टाचं बटण पोटावर ताणलं जातं पण हातपाय काडीसारखे राहतात, ही ठेवण तालुक्याच्या कोणत्याही लग्नमांडवात दिसेल.

गाव बदललं, अंग बदललं

खेडं आणि शहर यांतला हा फरक आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इंडियाब सर्वेक्षणाच्या पहिल्या टप्प्यात, २०११ साली, महाराष्ट्रातल्या शहरांत मधुमेहाचं प्रमाण १०.९ टक्के होतं आणि ग्रामीण भागात ६.५ टक्के. २०२३ मध्ये याच सर्वेक्षणाने देशभरातल्या मधुमेहींचा आकडा १० कोटींच्या वर नेला.

बुलढाणा जिल्ह्यातला शेतकरी तीस वर्षांपूर्वी दिवसभर काय करायचा आणि आता काय करतो, हे मांडून पाहावं. निंदणाचं काम तणनाशकाने नेलं. सोयाबीन मळणीयंत्रात जाते, बऱ्याच ठिकाणी उभ्या पिकात हार्वेस्टर फिरतो. शेत दोन किलोमीटरवर असलं तरी मोटरसायकल बांधापर्यंत जाते. हाडं मोडणारं काम कमी झालं ही चांगलीच गोष्ट, त्यावर हळहळायचं कारण नाही. पण स्नायूंची हालचाल गेली आणि तिच्यासोबत एक रसायनही गेलं.

त्या रसायनाची गोष्ट कोपनहेगनची आहे. तिथल्या बेंटे क्लार्लुंड पेडरसन यांनी दाखवलं की काम करणारा स्नायू स्वतः आयएल-६ सोडतो. चरबीतून गळणारं आयएल-६ त्रास देतं आणि स्नायूतून येणारं तेच आयएल-६ उपकार करतं, हे ऐकायला विचित्र वाटेल. फरक वेळेचा आणि सोबतीचा आहे. चरबीतून ते टीएनएफच्या संगतीने दिवसरात्र झिरपतं. स्नायूतून ते व्यायामापुरतं उसळतं आणि मागोमाग दाह शमवणारी रसायनं बोलावून आणतं. २००३ च्या एका प्रयोगात निरोगी तरुणांना जंतूंच्या कवचातलं एंडोटॉक्सिन हे विष अगदी थोडं टोचण्यात आलं. जे बसून होते त्यांच्या रक्तात टीएनएफ चढलं. जे आधी सायकल चालवत होते त्यांच्यात ते जवळजवळ चढलंच नाही.

उलटा प्रयोगही झाला. रोज दहा हजारांहून जास्त पावलं चालणाऱ्या निरोगी तरुणांना दोन आठवडे दीड हजारांच्या आत ठेवलं: लिफ्ट वापरायची, गाडीने जायचं, बसून राहायचं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पंधरवड्यात त्यांच्या पोटातली चरबी ७ टक्क्यांनी वाढली. हे ना म्हातारे होते ना आजारी. दिवाळीच्या सुट्टीत गावाकडे आलेला इंजिनिअर मुलगा साधारण इतकंच चालतो.

खर्रा, कढई आणि भाकर

विदर्भात दाहाचा एक दरवाजा तोंडातच उघडतो. सुगंधित तंबाखू, बारीक केलेली सुपारी आणि चुना प्लास्टिकच्या कागदावर घोटून केलेला खर्रा खिशात नसलेला तरुण शोधावा लागतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरीही २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू खाताना आढळले. विडी-सिगारेट ओढणारे फक्त ३.८ टक्के. म्हणजे आपली सवय चघळण्याची आहे.

कर्करोगाबद्दल फलकांवर लिहिलेलं असतं. हिरड्यांबद्दल कुणी लिहीत नाही. खर्ऱ्याचा तोबरा ज्या गालात ठेवला जातो तिथली हिरडी दातापासून मागे सरकते, खाचेत जंतू वस्तीला येतात आणि दात घासताना थुंकीत रक्त दिसतं. काहींचं तोंड हळूहळू आखडत जातं आणि उभी तीन बोटं आत जात नाहीत. दाढांच्या मुळांशी साचलेला हा दाह चोवीस तास रक्ताच्या संपर्कात असतो. २००७ साली 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये आलेल्या अभ्यासात, हिरड्यांचे गंभीर रोगी नीट उपचार घेऊन सहा महिन्यांनी तपासले तेव्हा त्यांच्या हाताच्या रोहिण्या जास्त चांगल्या सैलावत होत्या. २०१८ साली लंडनमधल्या मधुमेही रुग्णांवर असेच उपचार झाले आणि वर्षभरानंतर तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा एचबीएवनसी ०.६ टक्क्यांनी खाली दिसला. साखरेच्या दुसऱ्या गोळीने जेवढा फरक पडावा तेवढा हा दातांच्या डॉक्टरांनी पाडला.

आता कढई. शेगावची कचोरी कुणी बदनाम करावी अशी वस्तू नव्हे. गाडी फलाटाला लागली की तिचा वास डब्यात शिरतो आणि पुढचं सगळं आपोआप घडतं. एका कचोरीने दाह होत नाही. प्रश्न रोजच्या तळणाचा आणि तेच ते तेल सकाळपासून रात्रीपर्यंत तापवण्याचा आहे. तापून तापून तेलाचे घटक मोडतात. २०१८ च्या जुलैपासून देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तळणीच्या तेलात अशा मोडलेल्या, ध्रुवीय संयुगांची मर्यादा २५ टक्के ठरवली आहे. गाड्यावर ती मोजायला कुणी येत नाही, पण काळपट झालेलं, फेस धरणारं, नाकाला झोंबणारं तेल ओळखायला यंत्र लागत नाही. वनस्पती तुपातली ट्रान्स चरबी हा जुना अपराधी. अमेरिकी परिचारिकांच्या अभ्यासात ती सर्वांत जास्त खाणाऱ्यांचं सीआरपी सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा ७३ टक्क्यांनी जास्त भरलं होतं. भारतात २०२२ च्या जानेवारीपासून तेला-तुपातली तिची मर्यादा २ टक्क्यांवर आणली गेली.

कढईपेक्षा मोठा बदल तव्यावर झाला. वऱ्हाडचं पोट ज्वारीवर चालायचं. सोयाबीन आली आणि ज्वारीचं शेत आक्रसलं, रेशनवर गहू-तांदूळ आले. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, अंबाडीची भाजी, पावसाळ्यात तरोटा, उन्हाळ्यात चिवळ हे ताट म्हणजे तंतुमय पदार्थांची रास होती. हे तंतू माणसाला पचत नाहीत, मोठ्या आतड्यातल्या जंतूंना पचतात. त्यांतून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होतात. ती आतड्याच्या अस्तराला पोसतात आणि दाह आवरणाऱ्या पेशींना बळ देतात. तंतू नसले की अस्तरावरचा चिकट थरच जंतू खाऊ लागतात आणि आतला कचरा रक्तात झिरपायची वाट मोकळी होते.

इथे एक गंमत आहे. २०२१ साली स्टॅनफर्डमध्ये ३६ निरोगी माणसांचे दोन गट केले. एकाने तंतुमय अन्न वाढवलं, दुसऱ्याने दही, आंबवलेल्या भाज्या असे पदार्थ. दहा आठवड्यांत आंबवलेलं खाणाऱ्यांच्या रक्तातली दाहाशी संबंधित १९ प्रथिनं कमी झाली. तंतूवाल्यांत सगळ्यांना सारखा फायदा दिसला नाही. वर्षानुवर्षं तंतू न मिळालेल्या आतड्यांत ते पचवणारे जंतूच उरले नसावेत, असा एक अंदाज. भाकर, आंबील आणि ताक एकाच ताटात बसवणाऱ्या बायकांपुढे हा प्रयोग फार उशिरा झाला.

झोपेबद्दल थोडक्यात. २५ निरोगी तरुणांना आठवडाभर आठऐवजी सहा तासच झोपू दिलं, एवढ्याने त्यांच्यातलं आयएल-६ वाढलं. हा २००४ चा प्रयोग. तेव्हा उशाशी स्मार्टफोन नव्हता.

सवय कुणाची, परिस्थिती कुणाची

इथवर ऐकून श्रोत्यांचा असा समज होईल की हा सगळा ज्याच्या त्याच्या जिभेचा आणि आळसाचा दोष आहे. तसं म्हणणं सोयीचं आहे, पण खामगावात ते खरं ठरत नाही.

जिनमध्ये हवेत तरंगणारी धूळ पाहावी. उन्हाच्या तिरपेत ती चमकते, भुवयांवर, पापण्यांवर बसते. कापसाच्या बोंडावर वाढलेल्या जंतूंचं एंडोटॉक्सिन त्या धुळीत असतं. कोपनहेगनच्या प्रयोगात तरुणांना टोचलं तेच हे विष. कापसाच्या धुळीत वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांना बिसिनोसिस होतो. सुट्टीनंतर कामावर येण्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, आठवडा सरताना ती थोडी सैल होते आणि पुढच्या सोमवारी पुन्हा आवळते. ही कुणाची सवय म्हणायची? तोंडावर रुमाल बांधणं हा मजुराने शोधलेला उपाय आहे. धूळ ओढून घेणारे पंखे बसवणं मालकाच्या हातात आहे.

चुलीचंही तसंच. कापूस निघाल्यावर उरलेली पऱ्हाटी आणि तुरीच्या तुराट्या हे फुकटचं सरपण. उज्ज्वला योजना २०१६ च्या मे महिन्यात सुरू झाली, सिलिंडर घरात आलं, पण भरून आणायला पैसे लागतात आणि पऱ्हाटीला लागत नाहीत. त्या धुराचे सूक्ष्म कण फुप्फुसाच्या तळाशी जातात आणि दाह तिथे सुरू होऊन रक्तवाहिन्यांपर्यंत पोचतो. स्वयंपाक करणारी बाई तंबाखूला शिवली नसली तरी तिच्या वाट्याला धूर आलेलाच असतो.

पूर्णेच्या काठचा खारपाणपट्टा जिल्ह्याच्या उत्तरेला शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडे पसरलेला आहे. तिथल्या मूत्रपिंडाच्या आजारांसाठी लोक खाऱ्या पाण्याकडे बोट दाखवतात. मूत्रपिंड थकलं की शरीरातला दाह वाढतो, ही गोष्ट वैद्यकात प्रस्थापित आहे. अशा गावात जाऊन 'जीवनशैली सुधारा' म्हणणाऱ्याने आधी नळाचं पाणी चाखून पाहावं.

याचा अर्थ माणसाच्या हाती काहीच नाही असाही नव्हे. वजन कमी केल्यावर सीआरपी किती उतरतं याचे अनेक अभ्यास एकत्र केले तेव्हा दर किलोमागे सरासरी ०.१३ मिलिग्रॅमची घट निघाली. आकडा लहान दिसतो. पण पाच-सहा किलोंनी तो ०.७ च्या आसपास जातो, आणि मध्यम धोक्याची सगळी पायरीच १ ते ३ ची आहे.

औषध आहे का?

दाहच मुळाशी असेल तर दाहावरच औषध द्यावं, हा सरळ विचार २०१७ साली तपासला गेला. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या आणि सीआरपी चढलेल्या १०,०६१ रुग्णांवर कॅनाकिनुमॅब या इंजेक्शनाचा प्रयोग झाला. कोलेस्टेरॉल होतं तिथेच राहिलं, दाह उतरला आणि हृदयाचे मोठे प्रसंग मधल्या मात्रेवर १५ टक्क्यांनी कमी झाले. मंद दाहाचा हृदयाशी संबंध केवळ सोबतीचा नाही, कारणाचा आहे, हे त्यातून पक्कं झालं. पण जीवघेणे संसर्गही थोडे वाढले. शरीराच्या पहारेकऱ्यांना झोपवण्याची ती किंमत होती.

मग लक्ष गेलं एका जुन्या, स्वस्त औषधाकडे. संधिवाताच्या गाऊट या प्रकारावर शतकानुशतकं वापरलेलं कोल्चिसिन. २०२० साली ५,५२२ हृदयरोग्यांवर रोज अर्धा मिलिग्रॅमचा प्रयोग झाला आणि ३१ टक्के फायदा दिसला. २०२४ साली झटक्यानंतर लगेच ते सुरू केलेल्या रुग्णांच्या मोठ्या प्रयोगात फायदा दिसला नाही. प्रश्न अजून खुला आहे. हेच कोल्चिसिन पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणाऱ्या कळलावीच्या कंदात असतं. तो कंद उगाळून घेण्याचा मोह कुणाला होऊ नये. त्यातली मात्रा मोजता येत नाही आणि विषबाधेने माणसं दगावतात.

हळदीचंही सांगायला हवं. भाजीतली हळद खुशाल खावी. तिच्यातलं कर्क्युमिन परीक्षानळीत दाह शमवतं, पण आतड्यातून रक्तात फारच थोडं जातं. जास्त शोषलं जावं म्हणून बनवलेल्या महागड्या कॅप्सूलींनी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

आशाताईंचा टेप

औषधापलीकडची वाटही आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची सर्च संस्था आणि शासन यांनी २०१६ मध्ये मुक्तिपथ हे अभियान सुरू केलं. दारू-तंबाखूचा प्रश्न त्यांनी एकेका माणसाच्या निर्धारावर सोडला नाही. गावाने मिळून विक्री थांबवायची, शाळा आणि कचेऱ्या तंबाखूमुक्त करायच्या, व्यसन सोडू पाहणाऱ्याला उपचार द्यायचे अशी ती आखणी आहे. विदर्भातल्याच एका जिल्ह्यात हे चालतं, तर खामगावच्या बाजार समितीच्या आवारातही चालायला हरकत नसावी.

खर्चिक चाचण्यांची गरजही सुरुवातीला नसते. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक तक्ता भरायचं काम सरकारने आशाताईंकडे दिलेलं आहे. त्याला सीबॅक म्हणतात. ताई दारात येतात, शिंप्याचा असतो तसा टेप काढतात, कंबर मोजतात आणि विचारत जातात. वय किती? तंबाखू? रोज असेल तर २ गुण. दारू? आठवड्यात दीडशे मिनिटं अंगमेहनत होते का? आई-वडील, भावंडांत कुणाला रक्तदाब, साखर, हृदयरोग? असेल तर २ गुण. पुढे स्वयंपाकाचं सरपण कोणतं आणि काम धुराधुळीत आहे का, हेही त्याच कागदावर आहे. सवय आणि परिस्थिती यांची दोन वेगळी व्याख्यानं करण्याची गरज तो कागद करणाऱ्यांना वाटली नाही. गुणांची बेरीज ४ च्या वर गेली की त्या माणसाला तपासणीसाठी आधी बोलवायचं असतं.

बाजार समितीतला पंचेचाळिशीचा एखादा हमाल या तक्त्यात बसवून पाहावा. पोती उचलणारा, म्हणून अंगमेहनतीचा गुण नाही. कंबर तीस इंच, तिथेही शून्य. रोजचा खर्रा २, आईला साखर २, वयाचा निदान १. पाच झाले. त्याची साखर, रक्तदाब आणि तोंडाची तपासणी उपकेंद्रातल्या आरोग्य मंदिरात फुकट होते. ती सकाळी, हमालीच्या वेळेत असते. समितीच्या आवारात महिन्यातून एकदा संध्याकाळी ती ठेवता येईल का, हा प्रश्न या सभागृहात बसलेल्या समितीच्या आणि नगरपरिषदेच्या मंडळींकडे सोपवून हे व्याख्यान इथे थांबतं.